सेकंदाला पंचेचाळीस लिटर

महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरलेली कृष्णा धोम धरणातून पुढे निघाली, की तिच्या काठचे पहिले शहर म्हणजे वाई. सात घाट, ढोल्या गणपती, कृष्णाबाईचा उत्सव, मराठी विश्वकोशाचे कार्यालय, हे सगळे एका लहानशा गावात. २०११च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. पुण्या-मुंबईच्या एका प्रभागात याहून जास्त माणसे राहतात. त्यामुळे एक समजूत सहज होते: एवढ्याशा गावाच्या सांडपाण्याने कृष्णेसारख्या नदीचे काय बिघडणार? समुद्रापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर वाहणारी नदी हे पोटात घेईलच की!

ही समजूत गणितावर घासून बघू. वापरायचे आकडे साधे आहेत, गुणाकार-भागाकार शाळेतलेच आहेत. उत्तरे मात्र झोप उडवणारी आहेत.

गावाचा प्रवाह

मलनिःसारणाची आखणी करताना आपल्याकडचे अभियंते केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेचा आधार घेतात. भुयारी गटारे असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते असे धरावे, असे ती सांगते. म्हणजे माणशी १०८ लिटर. अंघोळ, कपडे, भांडी, फरशी, संडास, सगळे त्यात आले.

३६ हजारांना १०८ ने गुणा: ३८ लाख ८८ हजार लिटर. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा: बरोबर ४५. वाईएवढे गाव दर सेकंदाला ४५ लिटर मैलापाणी तयार करते, रात्रंदिवस, बारा महिने. हा प्रवाह अर्थात एकसारखा नसतो. पहाटे तीनला गटार जवळपास कोरडे असते आणि सकाळी सात-आठला सगळे गाव एकदम नळाखाली असते. एवढ्या लोकसंख्येसाठी सरासरीच्या अडीचपट कमाल प्रवाह धरतात, म्हणजे सेकंदाला ११२ लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये हे पाणी भरायचे म्हटले तर रोज ३८९ टँकर लागतील. एकामागे एक उभे केले तर तीन किलोमीटरची रांग, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.

आता उलट बाजूने पाहा. वर्षभरात हे पाणी होते सुमारे १४२ कोटी लिटर, म्हणजे ०.०५ टीएमसी. धोम धरणाची क्षमता साडेतेरा टीएमसी. वाईचे वर्षाचे सगळे मैलापाणी धरणाच्या २७०व्या भागाइतके! शिवाय मैलापाण्यात ९९.९ टक्के पाणीच असते. घाण म्हणावे असे जे काही आहे ते हजारात एक भाग. इथपर्यंतचे गणित त्या समजुतीच्याच बाजूने बोलते. फसगत होते ती पुढे, त्या हजाराव्या भागापाशी.

नदीची शिदोरी

मैलापाण्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील याचे माप म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, बीओडी. नियमपुस्तिकेनुसार एक माणूस रोज २७ ग्रॅम बीओडी मागे ठेवतो. १०८ लिटरमध्ये २७ ग्रॅम म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम. ३६ हजार माणसांची मिळून ९७२ किलो. वाईएवढ्या गावाचे मैलापाणी रोज जवळजवळ एक टन ऑक्सिजन मागते.

नदीकडे तो किती असतो? उन्हाळ्यात, वाईच्या उंचीवर, स्वच्छ वाहत्या पाण्यात लिटरला जेमतेम सात मिलिग्रॅम. मासे, खेकडे, शेवाळ, सगळे या सात मिलिग्रॅमवर जगतात. म्हणजे एक लिटर मैलापाणी ३५ लिटर नदीचा सगळा ऑक्सिजन संपवू शकते. गावाचा एका दिवसाचा प्रवाह सुमारे १४ कोटी लिटर पाणी गुदमरून टाकू शकतो. नदी वाहता वाहता हवेतून नवा ऑक्सिजन घेत असते, म्हणून प्रत्यक्षात सगळे एकदम मरत नाही. पण पात्र आटले, बंधाऱ्याला पाणी तुंबले, की तो पुरवठा मंदावतो आणि सकाळी मेलेले मासे पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात.

आता नियमाच्या भाषेत. अंघोळीला योग्य पाण्यात बीओडी लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असे आपला निकष सांगतो. वरून येणाऱ्या चांगल्या पाण्यात एक मिलिग्रॅम आधीच आहे असे धरू. मग नदीच्या प्रत्येक लिटरमध्ये जागा उरली दोन मिलिग्रॅमची. मैलापाण्याच्या लिटरमध्ये जादाचे आहेत २४७. म्हणजे एका लिटरला सामावून घ्यायला नदीचे १२३.५ लिटर लागतात. सेकंदाच्या ४५ लिटरसाठी ५,५५७ लिटर, म्हणजे १९६ क्युसेक.

धरणाच्या विसर्गाच्या बातम्या ऐकणाऱ्याला १९६ क्युसेक किरकोळ वाटतील. पण हा विसर्ग पावसाळ्यातल्या चार दिवसांचा नाही, वर्षाच्या प्रत्येक सेकंदाचा आहे. वर्षभराची बेरीज होते ६.२ टीएमसी. धोमच्या क्षमतेच्या जवळजवळ निम्मे! ०.०५ टीएमसी मैलापाणी पातळ करायला सहा टीएमसी चांगले पाणी. एका लहान गावासाठी अर्धे धरण, आणि तेही ना शेतीला, ना पिण्याला.

न दिसणारी गर्दी

बीओडी हा त्यातला सौम्य आकडा. खरा हादरा जिवाणूंच्या मोजणीत बसतो.

माणसाच्या विष्ठेत ग्रॅमला सुमारे दहा हजार कोटी जिवाणू असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. पण विष्ठेतून पाण्यात गेलेल्या कॉलिफॉर्म जिवाणूंची संख्या मोजली, की कॉलरा, विषमज्वर, कावीळ पसरवणारे जंतू त्या वाटेने येऊ शकतात की नाही हे कळते. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत असे कॉलिफॉर्म सापडतात. अंघोळीच्या पाण्यात ते ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५००, त्यापुढे नाही.

एक कोटीचे २,५०० करायचे तर ४,००० पट पाणी हवे. ४५ लिटरसाठी सेकंदाला १ लाख ८० हजार लिटर, म्हणजे ६,३६० क्युसेक. वर्षाला २०० टीएमसी. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी. म्हणजे जवळजवळ दोन कोयना. आणि ५०० चा चांगला निकष गाठायचा तर २० हजार पट, वर्षाला १,००० टीएमसी. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातले महाराष्ट्राच्या वाट्याचे पाणी ठरवले होते ५६० टीएमसी. अख्ख्या राज्याच्या वाट्याच्या जवळपास दुप्पट पाणी ओतले, तरच ३६ हजार माणसांचे मैलापाणी नुसत्या मिसळण्याने घाटावर बुडी मारण्याजोगे होईल.

नदीत ऊन असते, गाळ असतो, जिवाणूंना खाणारे सूक्ष्मजीवही असतात, त्यामुळे यातले पुष्कळ जिवाणू वाटेत मरतात. पण मरायला त्यांना वेळ लागतो, आणि खालच्या घाटावर कुणी ओंजळ भरून घेतो तो त्या वेळेआधीच.

नदी आपली आपण शुद्ध होते, या विश्वासाचा सुद्धा एक आकडा आहे. बीओडीची चाचणी रूढ झाली ब्रिटनमध्ये, १९१२च्या सुमारास, मैलापाण्यावर नेमलेल्या शाही आयोगाच्या कामातून. बाटलीतले पाणी पाच दिवस ठेवून ऑक्सिजन किती घटला ते पाहायचे. पाचच दिवस का? तर तिथल्या नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, असे कारण सांगितले जाते. भारतात हीच चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवसांत करतात, कारण उबेत जिवाणू भराभर खातात. आता कृष्णा पाहा. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने अखंड वाहिले असे धरले, तरी १,४०० किलोमीटरला ३२ दिवस लागतील. तीन दिवसांत ते पोचेल जेमतेम १३० किलोमीटर, म्हणजे अजून महाराष्ट्रातच. वाटेत माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि प्रत्येक नदी आपापल्या गावांचे ओझे घेऊन येते. पुढे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. तिथे पाणी दिवस नव्हे, महिने थांबते. आपल्या नदीला समुद्र जवळ नाही. वाईत सोडलेले सांगलीच्या नळापर्यंत जाणारच.

सव्वीस परार्ध कामगार

मार्ग काय, हे त्या ऑक्सिजनच्या हिशेबातच दडलेले आहे. नदीच्या लिटरभर पाण्यात सात मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. लिटरभर हवेत? सुमारे अडीचशे मिलिग्रॅम! एक लिटर मैलापाण्याला जेवढा हवा, जवळजवळ तेवढाच. जे काम ३५ लिटर नदी करते ते एक लिटर हवा करू शकते. फक्त ती हवा पाण्यात शिरली पाहिजे आणि खाणारे जिवाणू तिथे जमले पाहिजेत.

हे जमवले मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी, १९१४ साली. त्यांनी बाटल्यांत मैलापाणी घेऊन त्यात हवा सोडली. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला पहिल्यांदा पाच आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली: तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तसाच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी ओतले. गाळ म्हणजे पोसलेले जिवाणूच होते. प्रत्येक फेरीला ते वाढत गेले आणि लागणारा वेळ घटत घटत चोवीस तासांच्या आत आला. या संशोधनामागचे त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. आज गावोगावच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांमध्ये चालते ती बहुतेक याच कल्पनेची सुधारलेली रूपे.

वाईएवढ्या गावाला अशी टाकी किती मोठी लागेल? पाणी सोळा तास थांबवायचे धरले तर २६ लाख लिटरची. आधी जाळी लागते. शांपूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, कापडाच्या चिंध्या, निर्माल्य तिथे अडकते. मग वाळू खाली बसवतात आणि पाणी टाकीत येते. टाकीत लिटरला साडेतीन ग्रॅम जिवंत गाळ राखतात, म्हणजे सगळा मिळून नऊ टन, कोरड्या वजनाने. लिटरला जिवाणू कमीत कमी एक लाख कोटी धरा. २६ लाख लिटरमध्ये एकूण संख्या होते २६ वर १७ शून्ये. भास्कराचार्यांच्या संख्यास्थानांच्या यादीत एकावर सतरा शून्ये म्हणजे परार्ध, आणि यादी तिथे संपते. इथे सव्वीस परार्ध कामगार एका टाकीत आहेत. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांना वाटून दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२ कोटी येतील.

हे कामगार एका जातीचे नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ देशांतल्या २६९ केंद्रांमधला गाळ तपासला गेला. जगभरच्या अशा टाक्यांमध्ये मिळून जिवाणूंचे सुमारे शंभर कोटी प्रकार असावेत, असा अंदाज त्यातून निघाला. सगळीकडे सामाईक असे सापडले फक्त २८. प्रत्येक गावाची टाकी आपल्या गावच्या पाण्याप्रमाणे, हवामानाप्रमाणे स्वतःची वसाहत घडवते. तिला बाजारातून विकत आणता येत नाही, राखावी लागते.

राखली आहे की नाही, हे ओळखायची रीत अगदी सोपी आहे. केंद्रातला चालक टाकीतले तपकिरी पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात भरतो आणि सपाट जागी ठेवतो. पहिल्या मिनिटाला सगळे गढूळच असते. मग बारीक पुंजके दिसू लागतात, एकमेकांना धरतात, जड होतात आणि सगळा थर मिळून खाली सरकू लागतो. वर पाण्याची स्वच्छ पट्टी उघडते आणि रुंदावत जाते. अर्ध्या तासाने गाळ ३०० मिलिलिटरच्या रेघेवर थांबला आणि वरच्या पाण्यातून पलीकडची अक्षरे वाचता आली, तर टाकी ठणठणीत आहे. साडेतीन ग्रॅमला ३०० मिलिलिटर, म्हणजे ग्रॅमला ८६. हा आकडा दीडशेच्या वर गेला की गाळ फुगलाय, नीट बसत नाही, आणि तो पाण्याबरोबर नदीत निघून जाणार. या टाकीला ओल्या मातीचा वास येतो. कुजका वास आला तर हवा कमी पडते आहे हे नाकालाच कळते.

हवेची भूक किती? सेंद्रिय पदार्थ आणि अमोनिया दोन्ही धरून रोज साधारण १,८५० किलो ऑक्सिजन. ब्लोअरने तळातून बारीक बुडबुडे सोडले, तरी त्यातला सुमारे १५ टक्केच ऑक्सिजन पाण्यात विरघळतो. म्हणून रोज ४९ हजार घनमीटर हवा, एका लिटर मैलापाण्यामागे बारा-तेरा लिटर.

आता या सगळ्या आकड्यांमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा. १,८५० किलो ऑक्सिजन २६ लाख लिटरमध्ये २४ तासांत खपतो, म्हणजे लिटरमागे तासाला सुमारे ३० मिलिग्रॅम. टाकीत एका वेळी शिल्लक असतो लिटरला दोन मिलिग्रॅम. वीज गेली आणि ब्लोअर थांबला, तर ही शिल्लक चार मिनिटांत संपते. जिवाणू लगेच मरत नाहीत, काही तास तग धरतात, पण काम थांबते आणि गावाचा प्रवाह मात्र थांबत नाही. तासाभराच्या भारनियमनात १ लाख ६२ हजार लिटर आत येते. केंद्राचे उद्घाटन झाले, फीत कापली, म्हणजे नदी वाचली असे होत नाही ते याचमुळे. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, सुटा ब्लोअर आहे का, रात्रपाळीला माणूस आहे का, यावर ती वाचते.

नव्व्याण्णव टक्क्यांचा भ्रम

'९९ टक्के शुद्ध' हे शब्द ऐकून समाधान वाटते. कॉलिफॉर्मच्या बाबतीत ते समाधान घातक आहे. एक कोटीतले ९९ टक्के मेले तर १०० मिलिलिटरला एक लाख उरतात. ९९.९ टक्के मेले तर दहा हजार. ९९.९९ टक्के मेले तर एक हजार, तरीही ५०० च्या दुप्पट. हवेची टाकी आणि गाळ बसवणे यांतून साधारण पहिले ९९ टक्के जातात. पुढचे काम निर्जंतुकीकरणाचे. लिटरला पाच मिलिग्रॅम क्लोरीन धरले तर रोज वीसेक किलो, आणि पाण्याशी अर्ध्या तासाची गाठ. एक दिवस क्लोरीन संपले तर जवळपास चार लाख कोटी कॉलिफॉर्म त्या दिवशी नदीत जातात.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलेला निकष कडक आहे: बीओडी लिटरला १० मिलिग्रॅम, कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरला फार तर २३०. तो पाळला, तर आपले मघाचे गणित कसे बदलते पाहा. ९७२ किलो बीओडीचे होतात ३९ किलो. मिसळायला १२३.५ लिटरऐवजी साडेतीन लिटर पुरतात. १९६ क्युसेकच्या जागी साडेपाच-सहा क्युसेक. कॉलिफॉर्मसाठी तर वेगळे पाणी लागतच नाही, कारण २३० हे ५०० च्या आतच आहे. दोन कोयना धरणांचे काम एक-दीड एकरातल्या केंद्राने केले.

टाक्या उपसण्याचे धाडस

भुयारी गटारांचे जाळे टाकणे लहान नगरपालिकेला जड जाते. अशा गावांत घरोघरी सेप्टिक टाक्या असतात. टाकी भरून वाहू लागेपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही. मग टँकर बोलावतात आणि तो कुठे रिकामा होतो हे कुणी विचारत नाही. टाकीतला गाळ मैलापाण्याच्या कितीतरी पट दाट असतो. बीओडी लिटरला पाच हजार मिलिग्रॅम धरला, तर पाच हजार लिटरचा एक टँकर म्हणजे २५ किलो. ओढ्यात रिकामा केलेला एक टँकर म्हणजे ९२५ माणसांचे दिवसभराचे मैलापाणी एका फटक्यात.

वाईने या ठिकाणी देशाला दिशा दाखवली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने नगरपालिकेने २०१८ मध्ये ठरावीक वेळापत्रकाने टाक्या उपसण्याची योजना सुरू केली. तक्रारीची वाट न पाहता प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची. जोडीला गाळावर प्रक्रिया करणारे दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचे केंद्र. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली. गावात सहा हजार टाक्या धरल्या तर वर्षाला दोन हजार, कामाच्या दिवसाला सहा-सात. एक-दोन गाड्या आणि एक नोंदवही यांच्या आवाक्यातले हे काम आहे. प्रचंड वाटणारी गोष्ट वेळापत्रकात बसवली की किती साधी होते, हे वाईच्या कामाने दिसले.

मात्र टाकी उपसली म्हणजे सगळे झाले असे नाही. सेप्टिक टाकी बीओडी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा कमी करते, आणि वरून निघणारे पाणी जंतूंसकट गटारात जाते. गाळाची व्यवस्था आणि पाण्याची व्यवस्था, दोन्ही लागतात. जागा असेल तिथे विजेशिवाय चालणारी तळी आहेत. आपल्या उन्हात हेक्टरला रोज अडीचशे किलो बीओडी पचतो, म्हणजे वाईएवढ्या गावाला चारेक हेक्टर. नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरिड पद्धत आहे, ज्यात खडीच्या वाफ्यात लावलेली झाडे आणि मुळांभोवतीचे जिवाणू पाणी शुद्ध करतात. लहान गावाकडे शहराकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे जमीन.

पैशाचा आणि खताचा हिशेब

दशलक्ष लिटरमागे २०० ते ३०० युनिट वीज लागते. मधला आकडा घेऊन दिवसाची ९७२ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर ७,७७६ रुपये. ३६ हजारांनी भागा: माणशी रोज २२ पैसे. पगार, क्लोरीन, दुरुस्ती, गाळ वाहून नेणे हे सगळे वेगळे, आणि उभारणीचा खर्च तर वेगळाच. पण ज्या विजेअभावी ब्लोअर बंद पडतात आणि बिले थकतात, ती वीज माणशी २२ पैशांची आहे.

बदल्यात काय मिळते? मैलापाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम नत्र असते. वाईएवढ्या गावात वर्षाला ७१ टन. ४५ किलोची युरियाची गोणी धरली तर सुमारे ३,४०० गोण्या. नदीत गेले तर हे नत्र जलपर्णीला पोसते. एक रोप दर पंधरा दिवसांनी दुप्पट झाले, तर आठ महिन्यांत ६५,५३६ होतात. शेतात गेले तर ते पिकाला लागते. शुद्ध केलेल्या १४२ कोटी लिटर पाण्यावर पाटाने भिजवलेला पावणेदोनशे एकर ऊस उभा राहू शकतो. ठिबकवर त्याहून बराच जास्त. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला या आकड्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

बेरीज

वाई एकटी नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात ४,०४१ नगरपालिका-महानगरपालिकांची शहरे होती, आणि त्यातली साडेतीन हजारांहून अधिक लाखाच्या आतली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालात शहरी भारताचे मैलापाणी दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर दिले आहे. उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे २०,२३६. उरलेले ५२ हजार दशलक्ष लिटर रोज तसेच जाते. क्युसेकमध्ये २१ हजारांवर, वर्षाला सुमारे ६७० टीएमसी. कोयनेसारखी सहा धरणे भरतील इतके. मंडळाने २०२२ मध्ये देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदवले. त्यातले ५५ महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आपल्या राज्यात क्षमता अगदीच कमी आहे असेही नाही. ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाण्यासमोर ६,८९० ची उभारलेली क्षमता २०२१च्या त्याच अहवालात आहे. उभारलेले आणि चाललेले यांतले अंतर मोठे आहे, आणि ते अंतर काँक्रीटने भरत नाही. ते रोजच्या देखरेखीने भरते.

म्हणून प्रत्येक नदीकाठच्या गावाने आपल्या नगरपालिकेकडे पाच आकडे मागावेत आणि ते दर आठवड्याला फलकावर लावायला सांगावेत. किती लिटर मैलापाणी आले. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा बीओडी किती. १०० मिलिलिटरमध्ये कॉलिफॉर्म किती. ब्लोअर किती तास बंद होते. आणि या आठवड्यात किती सेप्टिक टाक्या उपसल्या. ते वाचायला अभियंता असावे लागत नाही. पावसाळ्यात धरणाचा विसर्ग जे गाव तोंडपाठ ठेवते, ते हे पाच आकडेही ठेवू शकते; आणि ज्या केंद्राचे आकडे दर आठवड्याला गाव वाचते, ते केंद्र बंद ठेवणे कुणालाही सोपे जात नाही.